सप्टेंबरच्या शेवटी सासू-सासऱ्यांसोबत माल्टाला जातोय, तिथल्या गोझो बेटावरची गाईडेड क्वाड बाईक टूर घ्यावी का, पैसे वाया जातील का, डेंजर आहे का? मी ऍक्टिव्हा चालवते, नवरा कार चालवतो, स्कूटर येते म्हणजे क्वाड येईलच ना?

घ्या. पण हँडल नवऱ्याच्या हातात आणि तुम्ही मागे, असंच धरून चाला. क्वाड म्हणजे चार जाड चाकांची, हँडलवाली उघडी गाडी.

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत, पैसे वाया जातील का, डेंजर आहे का, आणि "स्कूटर येते म्हणजे क्वाड येईलच ना". तिसऱ्याचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून ते आधी घेतो. सासू-सासरे सोबत आहेत त्यांचं शेवटी बघू.

मी सेंट पॉल्स बे भागात एका हॉटेलच्या डेस्कवर काम करतो, पाहुण्यांना टूर बुक करून देणं आणि संध्याकाळी परत आल्यावर त्यांचं ऐकून घेणं हे रोजचंच आहे, आणि स्वतःही या टूरवर गेलोय. आपल्याकडचे लोक आले की एक गोष्ट हमखास दिसते. ज्यांना कुठलीच गाडी येत नाही ते मुकाट्याने गाईडचं ऐकतात आणि नीट चालवतात, आणि ज्यांची अर्धी हयात स्कूटरवर गेलीय ते पहिल्या दहा मिनिटांत गाईडच्या तोंडचं पाणी पळवतात.

म्हणजे कसं, गोझोच्या इम्जार बंदराच्या वर एका मोकळ्या जागेत सुरुवातीला ट्रायल घेतात. दोन प्लास्टिकचे कोन ठेवलेले असतात, त्यांच्याभोवती आठ आकड्यात फिरवून दाखवायची. आपला माणूस बसतो, सवयीने उजवी मूठ पिरगाळतो, काहीच होत नाही, कारण क्वाडचा ऍक्सिलरेटर मुठीत नसतोच, उजव्या अंगठ्याने दाबायची एक छोटी पट्टी असते. मग अंगठा दाबतो, जरा जास्तच दाबला जातो, गाडी उडी मारते, माणूस मागे जातो, हात ताणले जातात आणि त्या ताणात अंगठा अजून दाबला जातो. त्यात वळण आलं की डावा पाय खाली टेकवायला जातो. हे सगळ्यात वाईट. स्कूटरवर पाय टेकवणं म्हणजे सेफ्टी, इथे त्या पायाच्या मागेच मागचं चाक असतं, पाय खाली गेला की चाक घोट्यावर चढतं. चार चाकं आहेत, उभी राहिली की उभीच राहते, पाय टेकवायची गरजच नाही, पण हे डोक्याला कळलं तरी पायाला कळायला वेळ लागतो.

दुसरं वळणाचं. ऍक्टिव्हा वळताना आपोआप आत झुकते, क्वाड झुकत नाही. बऱ्याच मॉडेलना मागे डिफरन्शियल नसतो, दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे ती कारसारखी अलगद वळत नाही, सरळच जायला बघते. हँडल जोर लावून वळवावं लागतं आणि अंग आपणच वळणाच्या आतल्या बाजूला टाकायचं असतं. मागे बसणाऱ्यानेही तेच करायचं. तुम्ही मागे बसून घाबरून बाहेरच्या बाजूला कललात तर तुमच्या नवऱ्याला ती गाडी दुप्पट जड लागेल. मागे धरायला लोखंडी कॅरियर असतो, तो धरा, नवऱ्याच्या खांद्यांना लटकू नका, त्याचे हात मोकळे पाहिजेत. क्लच आणि गियरची भानगड नाही, एक दांडा असतो, पुढे, न्यूट्रल, मागे, बस. ब्रेक मात्र प्रत्येक मॉडेलला वेगळे, कुठे डाव्या हाताच्या लिव्हरने सगळी चाकं धरतात तर कुठे उजव्या पायाशी पेडल असतं, ते ब्रीफिंगच्या वेळीच विचारून दोनदा दाबून बघायला सांगा.

आता लायसन्स. इथे क्वाड चालवायला कारचं लायसन्स लागतं. तुमच्या कार्डावर फक्त टू-व्हीलरचा शिक्का असेल तर तुम्हाला चालवायला देणार नाहीत, कितीही चांगली ऍक्टिव्हा येत असली तरी. LMV म्हणजे कारचा शिक्का असेल तर वेगळी गोष्ट, मग वाटेत बदलून चालवता येईल, पण बुकिंग करतानाच दोघांची नावं ड्रायव्हर म्हणून टाकायला सांगा, ऐनवेळी नाही म्हणतात. वयाचीही अट असते, बहुतेक जण ड्रायव्हर एकवीसच्या वरचा आणि थोडी वर्षं लायसन्स जुनं असलेला मागतात, प्रत्येकाचं वेगळं आहे. ओरिजिनल प्लास्टिक कार्ड सोबत आणा. डिजीलॉकर मधलं दाखवून "ये भी चलता है" हे नाक्यावरच्या ट्रॅफिक पोलिसापुढे ठीक, इथल्या बंदरावर ते कोणी मानत नाही. आणि निघायच्या आधी आरटीओ कडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून ठेवा, परिवहनच्या साईटवरून अर्ज करता येतो, फी 1000 रुपये, वर्षभर चालतं. प्रत्येकजण मागेलच असं नाही पण नसलं तर एखादा अडवणार आणि मग तुमचा दिवस गेला.

एक चांगली बातमी, माल्टात गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, 1964 पर्यंत इंग्रजांचं राज्य होतं त्याचा परिणाम. ग्रीसला किंवा मयोर्काला गेलेल्या आपल्या लोकांचं निम्मं डोकं "उजवीकडे राहायचं, उजवीकडे" यातच जातं, ते इथे नाही.

डेंजरचं म्हणाल तर कड्यावरून पडायची भीती फोटो बघून वाटते तेवढी खरी नाही. खरी भीती गल्ल्यांची. गोझो म्हणजे जेमतेम 14 किलोमीटर लांब आणि 7 किलोमीटर रुंद बेट, शेतांच्या मधून जाणारे रस्ते इतके अरुंद की दोन्ही बाजूला दगडाच्या बिनचुन्याच्या भिंती आणि मध्ये एक व्हॅन जाईल एवढीच जागा. समोरून शेतकऱ्याची गाडी आली की अख्ख्या रांगेला मागे जावं लागतं, एकामागे एक, आणि शेवटचा माणूस रिव्हर्स कसा टाकायचा हे विसरलेला असतो. शेतकरी हात वर करून बसलेला असतो, रागावत नाही पण हसतही नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही नसतो हसलो, रोज सकाळ संध्याकाळ ह्या धुरळा उडवणाऱ्या रांगा त्याच्या टोमॅटोजवळून जातात.

म्हणून "ऑफरोड" हा शब्द जाहिरातीत बघून जास्त हुरळून जाऊ नका. डोंगरावर वाट्टेल तिथे घुसायला इथे परवानगी नाही, ऑफरोडिंगचे कायदेच आहेत, आणि असायलाच पाहिजेत, कारण जे उघडं खडकाळ माळरान दिसतं त्यावर ओव्यासारख्या वासाची रानटी छोटी झुडपं असतात, थाईम, माल्टाचा मध ज्याच्यामुळे प्रसिद्ध आहे ती. एकदा चाक गेलं की वर्षानुवर्षं भरून येत नाही. त्यामुळे टूर म्हणजे थोडा डांबरी रस्ता, बराचसा शेतातला कच्चा रस्ता आणि कड्यांच्या बाजूचे दगडी ट्रॅक. उड्या मारायला, चिखल उडवायला येत असाल तर खरंच पैसे वाया. बेट बघायला येत असाल तर बसने जिथे पोचता येत नाही तिथे ही गाडी नेते, आणि ते मात्र वसूल आहे.

कुठे नेतात ते साधारण सारखंच. ड्वेयरा असतंच, जिथे अझूर विंडो नावाची ती प्रचंड दगडी कमान होती, ती 8 मार्च 2017 ला वादळात समुद्रात कोसळली, पण जागा अजूनही बघण्यासारखी आहे, शेजारी इनलँड सी नावाचं खाऱ्या पाण्याचं तळं आणि समोर समुद्रात फंगस रॉक नावाचा मोठा खडक. कमान बघायचीच हौस असेल तर उत्तरेला वीद इल-मीलह नावाच्या घळीच्या तोंडाशी दुसरी आहे, लहान आहे पण उभी आहे आणि गर्दी अगदी कमी. माझी आवडती जागा श्वेनीची मिठागरं. किनाऱ्याच्या पिवळ्या मऊ दगडात खणलेले चौकोनी हौद, उन्हाळ्यात त्यात समुद्राचं पाणी सुकवून अजूनही मीठ काढतात, आणि रस्त्याच्या कडेला पिशव्या भरून विकायला ठेवलेल्या असतात. कोकणातली मिठागरं बघितलेल्या माणसाला खाडीऐवजी कातळात मीठ पिकताना बघून गंमत वाटते. फक्त हौदांवरून चालू नका, लोक फोटोसाठी उभे राहतात आणि मग बोलणी खातात, बरोबरच आहे. दक्षिणेला ता चेंचचे कडे, तिथे गाडी लांब उभी करून चालत जायचं. रामला बीचला लाल वाळू आहे, उतरायचा रस्ता उताराचा, आणि त्या बाजूच्या टेकड्यांत निळसर माती असते जी पाऊस झाला की आपल्या काळ्या रानातल्या चिखलासारखी टायरला चिकटते. तुम्ही सप्टेंबरच्या शेवटी येताय, तेव्हा एखादी जोराची सर येऊ शकते. पाऊस झालेला असेल आणि गाईडने तो भाग गाळला तर हुज्जत घालू नका. आणि हो, 1 सप्टेंबरपासून पक्ष्यांच्या शिकारीचा सीझन सुरू होतो, कुठल्यातरी शेतातून बंदुकीचा आवाज आला तर दचकू नका.

जगांतियाची मंदिरं बहुतेक क्वाड टूरमध्ये नसतात. साधारण इसवी सनापूर्वी 3600 च्या आसपासची आहेत, पिरॅमिडच्या आधीची, त्याला वेगळा वेळ काढा, धुळीने माखून तिथे घाईघाईत जाण्यात अर्थ नाही.

बुकिंग करताना माझ्या मते दोनच प्रश्न विचारा. एक, एका गाईडमागे किती क्वाड असतात आणि शेवटी मागे दुसरा माणूस असतो का. लांबलचक रांग असली की मागचे लोक गाठायला जोरात पळवतात आणि अपघात तिथेच होतात, शिवाय पुढच्यांची सगळी धूळ मागच्यांच्या नाकात. पहिल्यांदाच चालवणार असाल तर नवऱ्याला गाईडच्या लगेच मागचा नंबर मागायला सांगा, लाजायचं काय त्यात. दोन, गाडीला काही झालं तर आपल्या खिशातून किती, हे आकड्यात आणि लेखी. थर्ड पार्टी इन्शुरन्स असतो, पण भिंतीला घासून फेंडर फुटला तर ठराविक रकमेपर्यंत आपण भरायचं असतं आणि त्यासाठी क्रेडिट कार्डवर पैसे अडकवून ठेवतात. डेबिट कार्ड चालेलच असं नाही. सुरुवातीला गाडीचा चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, आधीचे ओरखडे दिसतील असा.

तुमचा ट्रॅव्हल इन्शुरन्सही उघडून बघा. व्हिसासाठी किमान 30,000 युरोचं मेडिकल कव्हर लागतं म्हणून सगळे काढतात पण वाचत कोणी नाही. बऱ्याच पॉलिसींमध्ये क्वाड बाईक सरळ वगळलेली असते किंवा ऍडव्हेंचर स्पोर्ट्सचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. एजंटला फोन करू नका, मेल करा, "क्वाड बाईक" हे शब्द लिहून, म्हणजे उत्तर लेखी येतं.

कपडे साधे, पण ओढणी, स्टोल, लांब कुर्ता नको, चाकात जाईल असं काहीच नको. पूर्ण बंद बूट. चष्मा किंवा गॉगल हवाच. नाकातोंडाला बांधायला रुमाल. सनस्क्रीन सगळे चेहऱ्याला लावतात आणि तळहाताची मागची बाजू विसरतात, दिवसभर हँडलवर तीच उन्हात असते. संध्याकाळी अंगठा दुखेल, ते नॉर्मल आहे.

जेवण बऱ्याचदा टूरमध्येच असतं. व्हेज असाल तर आधीच सांगा आणि "नो फिश" हे वेगळं सांगा, कारण इथली फ्तिरा नावाची भाकरीसारखी गोल पावाची डिश व्हेज समजून मागवली तर आत टूना निघतो. ज्बेना नावाचं छोटं गोल चीज मिळेल, ते मात्र जरूर खा. वाईन पुढे येते, चालवणाऱ्याने नाही म्हणायचं, तुम्ही मागे बसणार आहात तर तुमची चैन.

काही टूर परतताना बोटीने कोमिनो या शेजारच्या छोट्या बेटावरच्या ब्लू लगूनला थांबतात. तुम्ही स्वतंत्र जाणार असाल तर लक्षात ठेवा, 2025 पासून तिथे उतरायला आधी ऑनलाइन स्लॉट घ्यावा लागतो, फुकट असतो पण लागतो.

आता सासू-सासरे. त्यांना क्वाडवर बसवू नका, कंपनी हो म्हणाली तरी नाही, त्या दगडी ट्रॅकवर कंबरेची वाट लागते. गोझोमध्ये जीपच्या टूर आहेत आणि चक्क टुकटुकच्याही आहेत, आपली रिक्षाच, फक्त स्वच्छ आणि ड्रायव्हर शांतपणे माहिती सांगणारा. आपल्या ज्येष्ठ मंडळींना ती प्रचंड आवडते, युरोपात येऊन रिक्षात बसलो हे गावभर सांगायला मिळतं. दुपारी व्हिक्टोरियात, म्हणजे गोझोच्या मुख्य गावात, भेटायचं ठरवा, गावाच्या मध्यावरच्या चौकात, तिथून किल्ला चालत जवळ आहे आणि त्यांना बसायला कॅफे भरपूर आहेत.

हॉटेलवरून पिकअप नसेल तर माल्टाच्या उत्तर टोकावरच्या चिरकेव्वा बंदरावरून फेरी पकडा, पंचवीसेक मिनिटं लागतात, जाताना तिकीट नाही, पैसे येताना गोझोहून घेतात, त्यामुळे जाताना काउंटर शोधत बसू नका. आणि वार निवडताना रविवार टाळा, माल्टातले लोकही वीकेंडला गोझोलाच येतात आणि रविवारी संध्याकाळी इम्जारला परतीच्या गाड्यांची रांग टेकडीवर चढलेली असते.