बी नाही, मग द्राक्षाचा नवा वेल येतो कुठून?

प्रश्न : आमची थॉमसन या बिनबियांच्या द्राक्षाची बाग आहे. मुलगी विचारते, मण्यात बीच नाही तर नवे वेल कसे होतात? मग फुलोरा कशासाठी? – एक वाचक, पिंपळगाव बसवंत, जि. नाशिक

उत्तर : ताई, गोडी छाटणीनंतर (फळासाठीच्या छाटणीनंतर) बाग फुलोऱ्यात आली की लेकीच्या हातात भिंग द्या. द्राक्षाच्या पाकळ्या उमलत नाहीत. वर चिकटून त्यांची हिरवी टोपी होते नि ती बुडातून सुटून गळते. आत साधारण पाच पुंकेसर, मधोमध स्त्रीकेसर. थॉमसनमध्ये परागण होतं, फलनही होतं, त्यातूनच मणी धरतो, पण बियातला गर्भ लवकरच खुरटतो. मणी चावताना लागणारा मऊ कण म्हणजे ते अर्धवट राहिलेलं बी. पक्कं बी नसल्यानं मणी बारीक राहतो, म्हणून तर तुम्ही घड जीएत (जिबरेलिक अॅसिड या वाढ-संप्रेरकाच्या द्रावणात) बुडवता!

नवा वेल येतो काडीतून. डॉगरिज या दुसऱ्या जातीच्या द्राक्षाच्या खुंटावर (मुळं असलेल्या बुंध्यावर) थॉमसनची दोन डोळ्यांची काडी पाचर कलमानं (पाचरीसारखी तासून खाचेत) बसवली, की नव्या वेलात थॉमसनचे गुण जसेच्या तसे. क्वचित फांदीतच बदल होतो, पण ते अपवाद. काडी मात्र निरोगी वेलाचीच घ्या; विषाणू असला तर तोही कलमासोबत येतो.