भौतिकशास्त्र घेतलेली मुलगी पेशींच्या मागे का लागली?

खानापूर तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी बेळगावात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय भौतिकशास्त्र आणि गणित. कॉलेजात एक व्याख्यान ऐकल्यापासून तिला पेशींच्या आवरणावर संशोधन करायचं आहे. आई विचारतात, ‘पेशीच शिकायच्या होत्या तर बायॉलॉजी का घेतलं नाही? यात पोट भरतं का? आम्ही बी.एड. ठरवलं होतं.’

ताई, नमस्कार.

मुलगी वाट चुकलेली नाही. तापलेल्या दुधावरची साय चमच्यानं कडेला सारून बघा. पुढे भांडं आडवं येतं, जागा उरत नाही आणि साय सुरकुतते. पेशीचं आवरण म्हणजे मेदाच्या, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या, रेणूंचा दुपदरी पापुद्रा, जेमतेम 5 नॅनोमीटर जाडीचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). अडचणीत सापडला की तोही दुमडतो. पण साय घट्ट असते, हा पापुद्रा द्रव. त्यातले रेणू सतत इकडेतिकडे सरकत असतात. तो वाकतो सहज, ताणला मात्र थोडकाच जातो. क्षेत्रफळ काही टक्के वाढलं की फाटलाच. रबरासारख्या पृष्ठावर तो बसवून ते पृष्ठ आकसू दिलं, तर जादा पापुद्रा बारीक नळ्या होऊन बाहेर डोकावतो. पृष्ठ परत ताणलं की नळ्या आत ओढल्या जातात. मला तर निऱ्यांची आठवण होते.

असा पापुद्रा वाकवायला किती ऊर्जा लागते, हे गणित जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हेल्फ्रिश यांनी 1973 मध्ये मांडलं. उष्णतेमुळे तो थरथरतही असतो. दोन पापुद्रे जवळ आणले की थरथरायला जागा पुरत नाही, म्हणून ते एकमेकांना ढकलतात. अंतर निम्मं केलं की त्यामागची ऊर्जा चौपट होते. त्यांना एकमेकांची ओढही असते. ओढ जास्त की ढकलणं जास्त, यावर ते चिकटणार की नाही हे ठरतं. सांगा, यात बेडकाचं पोट कुठे फाडायचंय? हे सगळं तिच्याच विषयांचं काम आहे.

उपयोग म्हणाल, तर 2021 मध्ये काळ्या बुरशीच्या वेळी ज्या लायपोसोमल अँफोटेरिसिनसाठी माणसं रात्रंदिवस धावली, ते औषध अशाच मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांच्या पापुद्र्यात बसवलेलं असतं.

आता पोटाचं. एम.एस्सी. आणि पीएच.डी. मिळून सात वर्षं धरा. नेट-जेआरएफ ही संशोधनाची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासूनच्या दरानं पीएच.डी.ची पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, घरभाडं वेगळं. त्यानंतरच्या कायम नोकऱ्या थोड्या आहेत, हे लपवत नाही. मेदकणांतून औषध पोचवणाऱ्या कंपन्या हा दुसरा रस्ता, पण तिथे प्रयोगात बसलेला हात लागतो.

तिसऱ्या वर्षात तिनं जॅम ही प्रवेशपरीक्षा द्यावी. आयआयटीत एम.एस्सी. किंवा बेंगळुरूच्या आयआयएस्सीत एकात्मिक पीएच.डी., दोन्हीकडे ती चालते. त्या पेपरात महाराष्ट्र की कर्नाटक हा प्रश्न येत नाही. आपल्याकडे कागद दाखवून दमलेल्यांना तेवढंच बरं वाटेल. बेंगळुरूचीच रामन संशोधन संस्था मृदू पदार्थांवर, म्हणजे असे पापुद्रे, द्रवस्फटिक यांसारख्या सहज वाकणाऱ्या-वाहणाऱ्या पदार्थांवर, कित्येक वर्षं काम करते आहे. तबकड्यांसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक (द्रवासारखे वाहणारे, पण रेणूंची रचना राखणारे पदार्थ) 1977 मध्ये शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांच्या गटाला तिथेच सापडले.

पण त्याआधी उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या प्रयोगशाळेत काढू दे. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं संध्याकाळी निघालं की सकाळी बेंगळुरू. सूक्ष्मदर्शकापाशी तासन्‌तास बसून कंटाळली, तर बी.एड. कुठे पळून जात नाही. व्याख्यान कुणाचं होतं तेवढं तिला विचारून कळवा. त्यांनाच पत्र कसं लिहायचं ते मी सांगेन.