पोरीला बचत गटांचं काम करायचंय, बँकेची परीक्षा सोडू द्यावी का?

आटपाडी तालुक्यातून एका वडिलांनी लिहिलंय. मुलगी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, बँकेच्या परीक्षेचा क्लास सोडून एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करायचं म्हणते, गावाकडच्या बायकांसोबत काम करायचंय तिला. वडील विचारतात, समाजसेवेनं पोट भरतं का?

दादा, काळजी रास्त आहे. पण याला समाजसेवा म्हणू नका, हे हिशोबाचं काम आहे आणि पोरगी कॉमर्सची आहे हेच तिचं भांडवल. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे ही गटाची पंचसूत्री, तुमच्या घरातल्या बायकांना पाठ असेल, आणि माझ्या बघण्यातले गट मोडले ते लेख्यांवरच, म्हणजे वही एकीच्याच हातात, कुणाचं किती फिटलं ते बाकीच्यांना कळत नाही, मग संशय, मग भांडणं. तिथं तुमच्या पोरीसारखी लागते.

शेजारच्या माण तालुक्यातलं म्हसवड बघा ना. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी बँकेसाठी अर्ज केला तर रिझर्व्ह बँकेनं आधी नाकारला, का तर कित्येकींचे अंगठे होते. बायका लिहायवाचायला शिकल्या, परत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या व्याज आम्ही तोंडी काढतो, तुम्हीपण काढून बघा. 1997 ला माणदेशी महिला बँक उभी राहिली.

आता पैशाचं. बचत गटांचं काम बघणाऱ्या उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) इथं बऱ्याच जागा कंत्राटी असतात, गावात त्यांचं काम करणाऱ्या सखींना मानधन मिळतं, त्यावर घर चालत नाही हे तिलाही स्पष्ट सांगा. म्हणून क्लास सोडू नये असंच माझं मत. ग्रामीण बँकेत लागली तरी गटांची कर्जप्रकरणं तिच्या टेबलावर येणारच, आणि गट बँकेला जोडायचं काम नाबार्डनं, म्हणजे शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेनं, 1992 पासून चालवलंय, तिथली ग्रेड ए ची, म्हणजे अधिकारी पदाची परीक्षा अवघड आहे पण तिनं द्यावीच. एमएसडब्ल्यू कुठल्याही डिग्रीनंतर दोन वर्षांचं असतं, ते नंतरही होतं, तुळजापूरला टिसचं (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं) कॅम्पस आहे त्याची माहिती काढून ठेवा.

अजून एक, तिला सातबारा वाचायला शिकवा. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, कायद्यात 2005 ला दुरुस्ती झाली, तरी बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्याच जातात, आणि मग बाई कर्ज मागायला गेली की तारण द्यायला तिच्या नावावर गुंठाभर जमीन नसते. हे ज्या पोरीला कळतं ती बायकांच्या खरंच कामाची.

या महिन्यात गावातल्या गटाच्या बैठकीला पाठवा तिला, वही तिलाच लिहू द्या. तीनचार बैठकांत तिला आणि तुम्हालाही कळेल की जमतंय का.