अण्णांच्या फोनवरचे चौदा मिस्ड कॉल

"कोविडमध्ये वडील गेले. मी परदेशात होते, येता आलं नाही. घरचे तोंडावर काही बोलत नाहीत, पण मनात धरून बसलेत. मी काय केलं म्हणजे हे सुटेल?"

समुपदेशक म्हणून माझ्याकडे हा प्रश्न अजून येतो. कधी दुबईहून, कधी न्यू जर्सीहून. विचारणारा बदलतो, शब्दही जरा इकडेतिकडे होतात, पण सल तीच असते. उत्तरादाखल एक हकीकत सांगते. जिची आहे तिच्या परवानगीने, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून. तिला आपण अनघा म्हणू.

अनघा मेलबर्नला राहते. माहेर सांगली जिल्ह्यात. सप्टेंबर २०२१ मध्ये तिने माझ्याशी पहिल्यांदा संपर्क केला. माझ्याकडे पुण्यात दुपारचे चार वाजलेले असायचे, तिच्याकडे रात्रीचे साडेआठ. चार वर्षांच्या मुलाला झोपवून ती लॅपटॉपसमोर बसायची. पहिल्याच भेटीत तिने मला एक फोल्डर दाखवला. नाव 'अण्णा', म्हणजे तिचे वडील. मला वाटलं फोटो असतील. आत होते सरकारी अर्ज, ईमेल, रद्द झालेल्या विमानांचे निरोप, बातम्यांची कात्रणं. सगळं तारीखवार लावलेलं.

ते तिने मला एकेक करून समजावलं. २० मार्च २०२० ला ऑस्ट्रेलियाने बाहेरच्यांना सीमा बंद केल्या आणि लगोलग आपल्याच नागरिकांना, कायम रहिवाशांनाही परवानगीशिवाय देशाबाहेर जायला मनाई केली. परत येणाऱ्याला चौदा दिवस हॉटेलात कोंडून राहायचं, तेही स्वतःच्या खर्चाने, माणशी साधारण तीन हजार डॉलर. १९ एप्रिल २०२१ ला अण्णांना मिरजेत ॲडमिट केलं. दुसऱ्या दिवशी हिने परवानगीचा अर्ज टाकला. २२ तारखेला तिथल्या सरकारने भारतासारख्या देशांत जायच्या परवानग्या आणखी आवळल्या. २७ ला भारतातून येणारी विमानं १५ मेपर्यंत थांबवली. २९ च्या पहाटे अण्णा गेले. ३० च्या रात्री जाहीर झालं की ३ मेपासून, आधीच्या चौदा दिवसांत भारतात राहून जो कोणी ऑस्ट्रेलियात पाऊल ठेवेल त्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० डॉलरपर्यंत दंड. स्वतःच्याच नागरिकांना!

"बघा ना मॅडम," ती म्हणाली, "मी काय करू शकत होते?"

हा सगळा फोल्डर तिने दादालाही व्हॉट्सॲपवर पाठवला होता, अण्णांच्या तेराव्यानंतर. त्याने उलट एक अंगठा पाठवला. त्यानंतर दोघांचं बोलणं म्हणजे आईचं बीपी, आईच्या गोळ्या, आणि "ठेवू का?"

इथे मी एक चूक केली. मी तिला म्हणाले, "तुझी काहीच चूक नव्हती." आणि वर हिशोब मांडला. अगदी २७ ला निघाली असतीस तरी टेस्टचा रिपोर्ट, दोह्याला बदलायचं विमान, मुंबईहून गाडी, त्यात तेव्हा आपल्याकडे जिल्हा ओलांडायला ई-पास. २९ च्या पहाटेआधी पोचणं अशक्यच होतं. गणित बरोबर होतं. तिने मान हलवली आणि पुढचे दोन आठवडे भेट रद्द केली.

शोकातल्या माणसाला निर्दोष ठरवायची आपल्याला फार घाई असते. मलाही झाली. पण जो स्वतःला दोषी मानतोय त्याला आपण "निर्दोष, जा घरी" म्हटलं की त्याला जे सांगायचं होतं ते घशातच राहतं.

तिसऱ्या भेटीत मी फोल्डर पुन्हा उघडायला सांगितला आणि साधी चौकशी केली. २० तारखेचा अर्ज इथे आहे, अजून काही कागद जोडा म्हणून आलेलं पत्र आहे. मग त्याचं झालं काय? नकार कुठे आहे?

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नकार आलाच नाही. परवानगी आली. सव्वीसला संध्याकाळी."

तो एवढा एक ईमेल तिने फोल्डरात ठेवला नव्हता.

सव्वीसच्या रात्री ती बॅग काढून बसली होती. दुसऱ्या दिवशी विमानं थांबल्याची बातमी आली. जायचं विमान अजून मिळत होतं, प्रश्न परत यायचा होता. नवरा म्हणाला, "जा, पण किती महिने अडकशील सांगता येत नाही." मुलगा आजी-आजोबांशिवाय, एकट्या बापापाशी, आणि बापाची नोकरी इस्पितळातली, रात्रपाळीची. तिने ती रात्र अशीच काढली. अठ्ठावीसला सकाळी बॅग परत कपाटावर ठेवली. आणि त्या दिवसभर, रात्रभर अण्णांच्या फोनवर कॉल करत राहिली. कोणी उचलला नाही.

म्हणजे नियमांनी अडवलं हे शंभर टक्के खरं. पण त्या नियमांच्या ढिगाखाली तिचा स्वतःचा एक निर्णय दबून पडला होता: मी मुलासाठी थांबले. तो निर्णय वाईट नव्हता. कुठल्याही आईला समजेल असा होता. पण तो ती कुणालाच सांगू शकत नव्हती, म्हणून सगळं नियमांवर घालत होती. आणि दादाला कागद कितीही दिसले तरी बहीण दिसत नव्हती.

जे आले त्यांचं काय, असं कुणी विचारेल. त्याच वर्षी माझ्याकडे एक तरुण यायचा, अमेरिकेत नोकरी करणारा. एप्रिल २०२१ मध्ये तो वडिलांसाठी धावत पुण्याला आला. ४ मेपासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्या त्याच्यासारख्या व्हिसाधारकांना थेट प्रवेश बंद केला, तो ८ नोव्हेंबरला उघडला. हा सहा महिने इथे अडकला, रात्री जागून तिकडचं काम करायचा. वडील त्याच्या डोळ्यांदेखत गेले, आणि तरी तो म्हणायचा, "वेळेवर दुसऱ्या दवाखान्यात हलवलं असतं तर?" जवळ असण्याने अपराधीपणा टळतो असं मला कधी दिसलेलं नाही. त्याचं तोंड फक्त दुसरीकडे वळतं.

अनघाशी आम्ही दोन गोष्टींवर काम केलं. एक म्हणजे त्या चार दिवसांची वही. प्रत्येक तारखेखाली फक्त तेव्हा ठाऊक होतं तेवढंच लिहायचं, आज कळलेलं त्यात मिसळायचं नाही. पंचविसाच्या पानावर तिने लिहिलं, "अण्णा व्हिडिओवर म्हणाले, ऑक्सिजन उतरवलाय, परवा-तेरवा घरी सोडतील." ते वाक्य ती साफ विसरून गेली होती. घरी सोडणार असलेल्या माणसासाठी आपण सव्वीसला बॅग भरत होतो, हे तिला त्या पानावर पहिल्यांदा दिसलं.

दुसरी गोष्ट म्हणजे दादाला कागद पाठवणं बंद. त्याला एकच विचारायचं: त्या रात्री तू कुठे होतास? हे तिला फार जड गेलं. "तो चिडला तर?" चिडू दे, मी म्हणाले. चार महिने ती तयारच होत होती.

१ नोव्हेंबर २०२१ पासून लस घेतलेल्यांना ऑस्ट्रेलियातून जायला परवानगी लागेना. तिने डिसेंबरचं तिकीट काढलं, तोवर ओमायक्रॉन आला, घाबरून तिने ते पुढे ढकललं. शेवटी जानेवारी २०२२ च्या उत्तरार्धात मुलाला घेऊन आली. आणि नेमका ११ जानेवारीपासून आपल्याकडे परदेशातून येणाऱ्या प्रत्येकाला सात दिवस गृहविलगीकरणाचा नियम झालेला. म्हणजे दोन-अडीच वर्षांनी माहेरी आली ती अण्णांच्या खोलीत दार लावून बसली. आई स्टुलावर ताट ठेवून मागे सरायची. मुलगा खिडकीतून आजीला हाका मारायचा.

मला वाटलं होतं आता पुन्हा सगळं बिनसणार. झालं उलटच. पाचव्या रात्री मुलगा झोपल्यावर दादा सोप्यात खुर्ची टाकून बसला होता. ही उंबऱ्याच्या आत, मास्क लावून. मध्ये सहा-सात फूट अंतर. समोरासमोर बसायचं नव्हतं, तोंड नीट दिसत नव्हतं, म्हणूनच बहुधा तिला बोलता आलं.

"दादा, परवानगी आली होती. सव्वीसला. मी आले नाही. बाळाला सोडून यायचा धीर झाला नाही." आणि मग, "त्या रात्री तू कुठे होतास?"

तो काही न बोलता उठून गेला. तिला वाटलं संपलं. थोड्या वेळाने तो एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आला आणि आईचं ताट ठेवायच्या स्टुलावर ठेवली. आत अण्णांचा चष्मा, कवळीची डबी आणि फोन. सत्तावीसला आयसीयूत हलवताना दवाखान्याने त्याच्या हातात दिलेली. नऊ महिने कपाटात होती.

"ह्याच्यावर तुझे चौदा कॉल हाईत," तो म्हणाला. "फोन माझ्या खिशातच व्हता. मी पार्किंगमधी बसलो व्हतो. वाजायचा, मी बघायचो. डॉक्टर म्हणाले व्हते व्हेंटिलेटर लागंल. तुला काय सांगू? उचलला असता तर तिथंच रडाय लागलो असतो. आन् आईला घरी मलाच सांभाळायचं व्हतं." नंतर त्याने इंजेक्शनसाठी तीन दिवस केलेली वणवण सांगितली. पीपीई किट घालून लांबून घेतलेलं दर्शन सांगितलं. पहाटे साडेतीनपर्यंत सांगत होता. ती फक्त ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी तिने मला फोनवर हे सांगितलं तेव्हा म्हणाली, "मॅडम, मला वाटायचं तो माझ्यावर चिडलाय. तो तर कॉल उचलला नाही म्हणून माझ्यापासून लपत होता."

म्हणून जे मला विचारतात त्यांना मी हेच सांगते. नियमांची यादी घरच्यांना पुन्हा पुन्हा ऐकवू नका, ती त्यांना पाठ आहे. तुम्ही काय ठरवलंत आणि का, ते एकदा सरळ सांगा, आणि मग त्यांचं ऐका, मध्ये स्वतःची बाजू न मांडता. पहिल्यांदा शिव्याही ऐकाव्या लागतील. आणि झोप, जेवण, कामावरचं लक्ष महिनोन्महिने उडालं असेल, जगू नये असं वाटत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. भारतात असाल तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर कधीही बोलता येतं.

आईचं मात्र इतक्यात मिटलं नाही. तिला परवानगी, विमानं, व्हेंटिलेटर यांतलं काहीच खुपत नव्हतं. अनघा परत निघायच्या आदल्या दिवशी तिने विचारलं, "दहाव्याला पिंडाला कावळा शिवंना, तवा तू व्हिडिओ का बंद केलास?" अनघाला ते बघवलं नव्हतं. आईला मात्र वाटलं होतं, लेकीने तोंड फिरवलं. अनघाने समजावून सांगितलं. आईने ऐकून घेतलं, हं म्हणाली, पण तेवढ्यावर तिचं समाधान झालेलं नव्हतं.

वर्षश्राद्धाला अनघा पुन्हा मेलबर्नलाच होती. दादाने व्हिडिओ लावला. फोन घसरून पडत होता, तर आईने शेजारच्या पोराला बोलावून तो खुर्चीच्या पाठीला नाडीने बांधून घेतला, वाकून स्क्रीनजवळ तोंड नेलं आणि म्हणाली, "आज बंद करायचा न्हाई. कावळा शिवंपर्यंत बस तिथंच."