कायदा आणि आपण : मुलीसाठी पोलिसांत गेले, आता मस्टरवर सही करू देत नाहीत

प्रश्न : गुहागर तालुक्यातील एका खासगी अनुदानित माध्यमिक शाळेत मी अकरा वर्षे कायम शिक्षिका आहे. संस्थेच्या वसतिगृहात राहणाऱ्या सहावीतल्या एका मुलीने वहीच्या मागच्या पानावर चार ओळी लिहून वही माझ्यापुढे सरकवली. वसतिगृहाचे अधीक्षक तिच्याशी काय करतात, ते त्यात होते. मी लगेच मुख्याध्यापकांना सांगितले, तर ते म्हणाले, "संस्थेचं नाव जाईल, आपण आतच मिटवू." दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात गेले आणि गुन्हा दाखल झाला. त्यानंतर पंधरा दिवसांत मला उशिरा येण्याबद्दल दोन मेमो मिळाले आणि खाडीपलीकडच्या शाखेत बदली करण्याची भाषा सुरू झाली. गेल्या सोमवारपासून मस्टर कपाटात कुलपात असते. 'उद्यापासून येऊ नका' असे सांगतात, लेखी काहीच देत नाहीत. अध्यक्ष बदनामीचा दावा लावण्याची धमकी देतात. कायदा माझ्या बाजूने आहे का?
– एक शिक्षिका

उत्तर : मुदतीचा प्रश्न असल्यामुळे हे उत्तर आपल्याला अंक निघण्यापूर्वीच पाठवले आहे, इतर वाचकांसाठी ते येथे देत आहे.

आपण पोलिसांत गेलात हे योग्यच केलेत, आणि ते आपले कायदेशीर कर्तव्यही होते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे पोक्सो, याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळते त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलेच पाहिजे. मुख्याध्यापकांना सांगून थांबणे पुरेसे नाही. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे 'आतच मिटवू' म्हणणारेच अडचणीत आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील वसतिगृहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये, माहिती असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे, असे बजावले आहे.

बदनामीच्या धमकीला घाबरू नका. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कोणतेही दायित्व येत नाही, असे कलम १९(७) स्पष्ट सांगते. खोट्या तक्रारीबद्दलची शिक्षा द्वेषबुद्धीने खोटी माहिती देणाऱ्याला आहे. आपण मुलीने लिहिलेले तसेच पोलिसांपुढे ठेवले आहे.

नोकरीचे मात्र खरे ते सांगितले पाहिजे. 'माहिती देणाऱ्याला कामावरून काढू नये' असे थेट वाक्य पोक्सोमध्ये नाही, ही मला या कायद्यातील मोठी उणीव वाटते. जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघडकीस आणणाऱ्यांच्या, संरक्षणाचा २०१४ चा केंद्रीय कायदा सरकारी भ्रष्टाचारापुरता आहे आणि तोही अंमलात आलेला नाही. आपल्याला आधार आहे तो महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ याचा. कायम शिक्षकाला आरोपपत्र आणि चौकशी यांशिवाय बडतर्फ करता येत नाही. चौकशी समितीच्या तीन सदस्यांपैकी एक आपण सुचवायचा असतो. तो हक्क सोडू नका. बडतर्फी किंवा 'अन्य प्रकारे सेवा समाप्ती' झाल्यास कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करता येते, आणि न्यायाधिकरण थकीत वेतनासह पुन्हा कामावर घेण्याचा आदेश देऊ शकते. लेखी आदेश मिळण्याची वाट पाहत बसू नका. सही नाकारली त्या पहिल्या दिवसापासून तीस दिवस मोजा. उशीर झालाच, तर सबळ कारण दाखवून तो माफ करून घेता येतो, पण त्यावर विसंबू नये.

तोपर्यंत रोज शाळेच्या वेळेवर हजर राहा, आणि 'मी आज अमुक वाजता आले, मस्टर दिले गेले नाही' असे पत्र त्याच दिवशी मुख्याध्यापकांना द्या. आवक-जावक लिपिक पोच देत नसेल, तर ते स्पीड पोस्टने पाठवा आणि प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना द्या. मेमोंना मुदतीत, शांत शब्दांत उत्तर द्या. अकरा वर्षांत एकही मेमो नाही आणि फिर्यादीनंतर पंधरा दिवसांत दोन, हा तारखांचा क्रम सूडबुद्धी दाखवायला फार उपयोगी पडतो; म्हणून फिर्यादीची मोफत प्रत ठाण्यातून अवश्य घ्या. नुसत्या बदलीवर सहसा कलम ९ चे अपील होत नाही. तिच्याविरुद्ध आधी शिक्षणाधिकाऱ्यांकडे दाद मागावी आणि तेथे न्याय न मिळाल्यास उच्च न्यायालयात रिट याचिका करावी. ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांची प्रकरणे कोल्हापूरच्या फिरत्या खंडपीठाकडे (सर्किट बेंच) चालतात, त्यामुळे मुंबई गाठावी लागणार नाही.

आपण या खटल्यात साक्षीदार असाल. दमदाटी होत असेल, तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

आणखी एक काळजी कटाक्षाने घ्या. आपल्या कोणत्याही अर्जात, किंवा शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटात, त्या मुलीचे नाव, गाव वा तुकडी लिहू नका. तिची ओळख उघड झाली तर तिचे नुकसान होईल आणि संस्थेच्या हाती आपल्याविरुद्ध आयते कोलीत मिळेल. अर्जात गुन्हा क्रमांक आणि तारीख एवढे पुरते.