चालीपुढे मराठीत टिप्पणी लिहायची तर

अमळनेरच्या भाऊंनी दोन गोष्टी विचारल्यात. मुलाचे बुद्धिबळ स्पर्धेतले डाव ते चेसबेस या डाव साठवायच्या प्रोग्राममध्ये भरतात, चालीपुढे मराठीत लिहितात. पण डावाची पीजीएन फाईल करून जळगावच्या कोचला पाठवली की तिकडे नुसती प्रश्नचिन्हं. आणि दुसरं, प्रत्येक चालीला काहीतरी लिहायलाच पाहिजे का?

आधी प्रश्नचिन्हांचं मिटवू. पीजीएन म्हणजे साधी मजकुराची फाईल. १९९३ मध्ये स्टीव्हन एडवर्ड्स यांनी तिचे नियम बांधले, तेव्हा त्यात पश्चिम युरोपातल्या भाषांपुरतीच अक्षरं धरली होती. देवनागरी बसते ती यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या भाषांची अक्षरं साठवणाऱ्या युनिकोडच्या पद्धतीत. जुन्या पद्धतीने फाईल जतन झाली की ज्या अक्षराला जागा नाही तिथे प्रश्नचिन्ह पडतं, आणि ते पडलं की त्या फाईलमधून मजकूर परत येत नाही. घाबरू नका, तुमच्या मूळ डेटाबेसमध्ये तो असेल तर तिथून पुन्हा पीजीएन काढा आणि यूटीएफ-८ चा पर्याय आहे का ते बघा. प्रश्नचिन्हांऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेली रोमन अक्षरं पुन्हा पुन्हा दिसत असतील, तर फाईल ठीक असते. फक्त उघडणाऱ्याने चुकीच्या पद्धतीने उघडलेली असते. तिसरा प्रकार आपल्याकडचाच. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप करून आणलेला मजकूर. तो फॉन्ट समोरच्याकडे नसेल तर सगळा गिचमिडकाला. युनिकोडमध्येच लिहा, मोबाईलवरचा मराठी कीबोर्ड चालतो.

मोठा डेटाबेस भरण्याआधी एका डावात दोन ओळी लिहा, जतन करा, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा, मग पीजीएन करून दुसऱ्या मोबाईलवर बघा. हे पाच मिनिटांचं काम लोक टाळतात.

चेसबेसमध्ये चालीवर उभं राहून कंट्रोल-ए दाबलं की चालीनंतरचा मजकूर लिहायची खिडकी उघडते; सोबत शिफ्ट दाबलं तर चालीआधीचा. त्या खिडकीत भाषांचे टॅब असतात. इंग्रजीच्या टॅबमध्ये लिहिलं आणि समोरच्याने दाखवण्याची भाषा जर्मन ठेवली असेल तर त्याला टिप्पणी दिसणारच नाही. म्हणून ‘ऑल’ मध्ये लिहा. खिडकीत ओके म्हटलं म्हणजे डाव जतन झाला असं नाही. कंट्रोल-आर ने जुना डाव बदलला जातो, कंट्रोल-एस ने नवा डाव जोडला जातो. एकच डाव चार-चार वेळा दिसतोय अशी तक्रार करणाऱ्यांनी आपण कोणतं बटण दाबतो ते पाहावं. वेगळी चाल पटावर खेळली की पोटचाल, म्हणजे खऱ्या डावाला फुटलेली पर्यायी ओळ, तयार होते. काय करायचं ते विचारणारी खिडकी आली तर ‘ओव्हरराईट’ ला हात लावू नका, पुढचा खरा डाव पुसला जाईल.

पैसे खर्चायचे नसतील तर लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाईटवरचा स्टडी, म्हणजे डावांची वही, फुकट आहे. एका स्टडीत ६४ प्रकरणं बसतात, एका प्रकरणात एक डाव, म्हणजे पोराचा वर्षभराचा हिशेब बहुधा एकात मावतो. मराठी तिथे नीट टिकतं. उजव्या बटणाने ओढून बाण काढता येतात. पीजीएनमध्ये ते बाण टिप्पणीच्याच महिरपी कंसात सांकेतिक अक्षरांत जातात, त्यामुळे कोचला मजकुरात टक्क्याचं चिन्ह आणि चौकोनांची नावं दिसली तर तो बिघाड नाही. आणि टिप्पणीत स्वतः महिरपी कंस टाईप करू नका. तिथेच टिप्पणी संपली असं प्रोग्राम समजतो आणि पुढचं वाक्य चाल म्हणून वाचायला जातो.

आता दुसरा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक चालीला लिहू नका. पहिल्या पाच-सहा पाठ चालींवर ‘उंट बाहेर काढला’ लिहून काय मिळणार? आणि इंजिनचा, म्हणजे चाली तपासणाऱ्या प्रोग्रामचा, कोण किती वरचढ ते सांगणारा आकडाही लिहू नका. रावेरच्या बाजारात केळीचा भाव फळ्यावर दिसतो, तो का पडला ते फळा सांगत नाही. तसाच तो आकडा. लिहायचं ते पोराच्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं ते, आणि तेही इंजिन सुरू करायच्या आधी.

उदाहरण घ्या. आपल्याकडच्या लहान गटांत हमखास दिसणारा डाव: राजाचं प्यादं ई४, काळ्याचं ई५, घोडा एफ३, घोडा सी६, उंट सी४, घोडा एफ६, घोडा जी५, प्यादं डी५, प्याद्याने डी५ वर मारलं, आणि काळ्याने घोड्याने परत मारलं. इंजिन लगेच पांढरा वरचढ दाखवतं. पोराने मात्र लिहिलेलं हवं: ‘प्यादं परत घेतलंच पाहिजे असं वाटलं. एफ७ वर घोडा बळी देईल हे बघितलंच नाही.’ मग पोटचाल म्हणून घोडा ए५, आणि तिच्यापुढे: ‘उंटावर हल्ला. प्यादं गेलं तरी चालेल, वेळ मिळतो.’ पुढे घोड्याने एफ७ मारलं, राजाने घोडा मारला, वजीर एफ३ ला येऊन शह, तेव्हा डी५ चा घोडा वाचवायला राजा ई६ वर. तिथे त्याने ‘आठे मी घाबरनू’ असं अहिराणीत लिहिलं तर लिहू द्या. कोचला त्या तीन शब्दांतून जे कळेल ते चांगल्या-वाईट चालीपुढे घालतात त्या उद्गारचिन्ह-प्रश्नचिन्हांतून कळत नाही.

ती चिन्हं लागतातच, नाही म्हणत नाही. बेलग्रेडच्या चेस इन्फॉर्मंट या डावसंग्रहाने १९६६ पासून भाषेशिवाय डाव समजावे म्हणून चिन्हांची अख्खी पद्धत रूढ केली आणि पीजीएनमध्ये ती डॉलरच्या खुणेपुढे आकडा घालून लिहिली जातात, १ म्हणजे चांगली चाल, ४ म्हणजे घोडचूक. पण ती निकाल सांगतात, कारण नाही. दहा-बारा वर्षांच्या पोराला कारणच हवं असतं.

विचार आठवणार कसा? खेळताना स्कोअरशीटवर, म्हणजे चाली टिपायच्या कागदावर, तो लिहिता येत नाही, नियमच आहे. घड्याळाची वेळ मात्र लिहिता येते. तेवढी सवय लावा. कुठे पोराने पंधरा मिनिटं घालवली आणि कुठे दहा सेकंदांत हात उचलला, हे दिसलं की टिप्पणी कुठे लिहायची ते आपोआप ठरतं. आणि डाव त्याच दिवशी भरा. जळगावहून अमळनेरला येताना गाडीत तासभर हातात असतो, मोबाईलवर एक डाव सहज भरून होतो. रविवारवर ढकललं की मग ‘माहिती नाही, असंच खेळलो’ एवढंच ऐकायला मिळतं.

इंजिन त्यानंतर लावा आणि त्याच्या ओळी पोराच्या मजकुरात मिसळू नका, हवं तर डावाची दुसरी प्रत ठेवा. कोचला पाठवायची ती पोराची प्रत. इंजिन त्याच्याकडेही आहेच.