यंत्राला माझ्या मनातलं कळलं तर?

"मॅडम, मेंदूत चिप बसवलेली माणसं आली की आमच्यासारख्यांचं काय?" समुपदेशक म्हणून हा प्रश्न हल्ली वरचेवर माझ्या कानावर येतो. कुणी मुलांच्या करिअरपोटी विचारतं, कुणी स्वतःच्या नोकरीपोटी. म्हणून ही एक केस, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

पंचेचाळिशीचे गृहस्थ, विम्याचे दावे तपासणाऱ्या विभागाचे प्रमुख. झोप उडालेली. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर याच विषयाचे व्हिडिओ. त्यात ऑफिसात एक हेडबँड आणायचं घाटत होतं. तो कपाळावर बांधला की कामात कुणाचं किती लक्ष आहे ते म्हणे स्क्रीनवर दिसतं.

"आज लक्ष मोजतील, उद्या विचार वाचतील," ते म्हणाले. "आणि परवा चिपवाला पोरगा माझ्या खुर्चीत बसेल."

'काही होत नाही हो' असं म्हणून मी कुणाची बोळवण करत नाही. घडलंय काय आणि आपण मनात रचलंय काय, हे आधी वेगवेगळं करून घेते.

घडलंय ते थोडंथोडकं नाही. जानेवारी 2024 मध्ये न्यूरालिंक या अमेरिकी कंपनीने पहिल्यांदा माणसाच्या मेंदूत आपली चिप बसवली आणि मानेखाली हालचाल नसलेला एक तरुण नुसत्या विचाराने संगणकावर बुद्धिबळ खेळू लागला. पण काही आठवड्यांतच त्यातल्या बऱ्याच बारीक तारा जागेवरून मागे सरकल्या आणि सॉफ्टवेअर बदलून काम सावरावं लागलं. 2023 मध्ये पक्षाघाताने वाचा गेलेल्या एका स्त्रीच्या मेंदूतले संकेत संगणकाने मिनिटाला सुमारे 78 शब्दांच्या वेगाने उतरवून दाखवले. आपण गप्पा मारतो त्याच्या साधारण निम्मा वेग.

"म्हणजे मी तिच्यापेक्षा भरभर बोलतो?"

"सध्या तरी. गेलेलं थोडंफार परत मिळवून देण्यासाठी हे सगळं चाललंय. धडधाकट माणसाला हुशार करणारी चिप आज बाजारात नाही."

विचार वाचण्याचंही तसंच. टेक्सासमधल्या संशोधकांनी 2023 मध्ये मेंदूच्या स्कॅनवरून माणूस ऐकत असलेल्या गोष्टीचा आशय बऱ्यापैकी ओळखून दाखवला. त्यासाठी प्रत्येकाला तब्बल 16 तास त्या अवजड यंत्रात पडून गोष्टी ऐकाव्या लागल्या. एकावर तयार केलेली प्रणाली दुसऱ्यावर चालली नाही आणि माणसाने मुद्दाम मनात दुसरंच काही घोळवलं की ती गडबडली. कपाळावरचा हेडबँड तर त्याहून कितीतरी ढोबळ. नुसती पापणी लवली किंवा दात आवळले तरी मेंदूचा क्षीण संकेत त्यात बुडून जातो.

त्यांनी सगळं वहीत टिपून घेतलं. पुढच्या वेळी आले ते तशाच तारवटलेल्या डोळ्यांनी. "पटलं सगळं. भीती मात्र आहे तिथेच आहे."

मला हे अपेक्षितच होतं. माहितीने भीती क्वचितच जाते, पण माहिती देऊन झाल्यावरही जी उरते, तिच्याशी खरं काम सुरू करता येतं. मी म्हटलं, "बरं, धरून चालू की ते यंत्र आलं. तुमच्या डोक्यातलं सगळं साहेबांच्या स्क्रीनवर. काय दिसेल त्यांना?"

ते पेनचं टोपण काढत होते, लावत होते. बऱ्याच वेळाने टोपण टेबलावर ठेवलं.

"नवी प्रणाली आल्यापासून निम्म्या फायली मला कळत नाहीत. ज्युनियरला काहीतरी निमित्त काढून बोलावतो आणि गप्पांच्या ओघात काढून घेतो. ते दिसेल."

"हे कधीपासून?"

"दीडेक वर्ष झालं असेल."

हेडबँडचं नावही ऑफिसात निघालं नव्हतं, तेव्हापासून! 'कळलं तर' हा धाक आधीच मुक्कामाला होता, तंत्रज्ञानाने त्याला फक्त चेहरा दिला. इतक्या वर्षांच्या अनुभवाने माझं मत पक्कं झालंय की माणसाला बाहेरच्या गोष्टीपेक्षा तिच्याविषयी तो स्वतःला जे बजावत राहतो त्याचा त्रास जास्त होतो. हे गृहस्थ स्वतःला बजावत होते, 'प्रमुखाला सगळं आलंच पाहिजे, नाहीतर तो कुचकामी.'

"तुमच्या हाताखालच्या कुणी येऊन हेच सांगितलं असतं तर?"

"शिकवायला कुणीतरी दिलं असतं," ते चटकन म्हणाले. आणि मग स्वतःशीच हसले. इतक्या भेटींत पहिल्यांदाच.

पुढचं काम सोपं नव्हतं, पण सरळ होतं. त्यांनी त्या ज्युनियरला उघडपणे सांगितलं, "मला हे शिकव." साहेबांनाही सांगितलं, तेही कुठल्याही यंत्राशिवाय.

तुम्हालाही ही काळजी पोखरत असेल, तर आधी स्वतःला विचारा की नेमकं काय हातचं जाईल असं वाटतंय. उत्तरात बहुधा चिप नसते. दहावीतल्या मुलासाठी मेंदू तल्लख करणारं ॲप घ्यायला निघालेल्या पालकांनी पाकीट जरा आवरावं. ल्युमॉसिटी या मेंदूच्या खेळांच्या कंपनीला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल 2016 मध्ये अमेरिकेत 20 लाख डॉलर मोजावे लागले होते. आणि घरातलं कुणी 'माझ्या डोक्यात चिप बसवलीच आहे' असं ठामपणे म्हणू लागलं, तर वाद घालू नका, टिंगलही करू नका. मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन जा. ते समुपदेशकाचं काम नाही.

काळजीचा एक भाग मात्र रास्त आहे आणि तो मी कुणालाच सोडायला सांगत नाही. मेंदूच्या माहितीला संरक्षण हवं म्हणून चिलीने 2021 मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती केली. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने 2024 मध्ये ही माहिती खासगी माहितीच्या कायद्यात आणली. तेव्हा ऑफिसात असं उपकरण आलंच, तर बेधडक विचारा आणि लेखी विचारा. माहिती कुठे साठणार? कोण बघणार? मी नाही म्हटलं तर माझ्या बढतीवर परिणाम होईल का?

आमच्या गृहस्थांनी हे तिन्ही प्रश्न ईमेलने पाठवले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आली आहेत. तिसऱ्यासाठी त्यांनी परवा स्मरणपत्र धाडलंय, आणि उत्तर येईपर्यंत हेडबँड घालणार नाही असंही त्यातच कळवलंय.